पुण्याला संघ टिकवता आला नाही म्हणणाऱ्या पिंपरीकरांना

पिंपरीकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि तिखटही, त्यामुळे दोन ओळींत वाटेला लावण्याऐवजी सवडीने लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पुण्यात फुटबॉल आणि हॉकीचे व्यावसायिक संघ आले आणि गाशा गुंडाळून गेले, यावर मी मागचा लेख लिहिला होता. पिंपरीकरांच्या मते ते रडगाणं आहे. बालेवाडीत खुर्च्या रिकाम्या असायच्या, मालकांनी खिशातून किती दिवस घालायचे? हॉकीत तर महाराष्ट्राकडे खेळाडूच नाहीत, मग संघ कुणासाठी काढायचा? आणि वर हा पुणेकर मुंबई सिटी हा मुंबईचा फुटबॉल क्लब जिंकला की टाळ्या वाजवतो, म्हणजे निष्ठाबिष्ठा सगळं लेखापुरतं.

खुर्च्या रिकाम्या असायच्या, हे मी कधीच नाकारलं नाही. पण का असायच्या, हेही बघा की. बालेवाडीचं स्टेडियम 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं. प्रेक्षक आणि टचलाइन यांच्यामध्ये अख्खी धावपट्टी. पलीकडच्या बाजूला कॉर्नर घेणारा कोण, हे पाठीवरचा नंबर डोळे बारीक करून वाचल्यावर कळतं. सामना संपेपर्यंत रात्र झालेली, बाहेर हायवे, आणि स्वतःची दुचाकी नसेल तर कोथरूड-हडपसरला परत कसं जायचं हा प्रश्न. आपल्याकडच्या स्टेडियमांत गेटवर सुटे पैसेही काढून घेतात, मैदानात कुणी नाणी फेकू नयेत म्हणून. आत गेल्यावर पाण्याची बाटली घ्यायला तेच सुटे लागतात. इतकं सोसून जे यायचे त्यांना तुम्ही 'मूठभर' म्हणता. मूठभर तर मूठभर, पण संघ त्यांच्यामुळे बंद पडला, हे मला पटत नाही.

पुणे एफसीचंच घ्या. अशोक पिरामल समूहाने 2007 मध्ये काढलेला फुटबॉल क्लब. 2009 मध्ये आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, वर आला आणि पहिल्याच मोसमात तिसरा. गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक. महिंद्रा युनायटेडला राष्ट्रीय लीग जिंकून दिलेला माणूस. मधल्या फळीत अराता इझुमी, जन्माने जपानी, वडील गुजराती, ज्याने भारताकडून खेळता यावं म्हणून जपानी नागरिकत्व सोडलं. पुढे दक्षिण सुदानचा जेम्स मोगा, बचावपटूला पाठीवर घेऊन वळायचा आणि मारायचा. 2012-13 मध्ये हा संघ चर्चिल ब्रदर्सच्या मागे देशात दुसरा आला. 2014 मध्ये आशियाई क्लबांचा एएफसी चषक खेळला. 2015 मध्ये बंद.

देशात दुसरा आलेला क्लब दोन वर्षांत संपतो आणि खापर प्रेक्षकांच्या डोक्यावर? मधल्या काळात काय झालं ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) आली. 2014-15 या एका मोसमात पुण्यात तीन व्यावसायिक क्लब होते: पुणे एफसी, कल्याणी समूहाचा भारत एफसी आणि आयएसएलचा एफसी पुणे सिटी. घर तिघांचंही बालेवाडीच. पहिल्या दोघांची लीग एका रात्रीत दुय्यम ठरली आणि तिथून वर जायला दारच नव्हतं. आय-लीग जिंकली तरी आयएसएलमध्ये प्रवेश नाही. खेळाच्या जोरावर वर चढलेला पहिला क्लब पंजाब एफसी, तोही 2023 मध्ये. म्हणजे 2015 मध्ये पुणे एफसीच्या मालकांनी हिशेब केला तेव्हा त्यात आपल्या खुर्च्या भरल्या असत्या तरी उत्तर बदललं नसतं. भारत एफसी तर एकाच मोसमात आला, तळाला राहिला आणि गेला.

उरला एफसी पुणे सिटी. हृतिक रोशन मालकांत, पहिल्या वर्षी फ्रान्सचा त्रेझेगे, दुसऱ्या वर्षी रोमानियाचा मुतू. दोघेही कारकिर्दीच्या उतरणीवर, पण पोस्टरवर छान दिसायचे. खरी मजा आली 2017-18 मध्ये, मार्सेलिन्हो आणि अल्फारो हे दोन परदेशी आघाडीवीर एकत्र खेळले तेव्हा. त्या वर्षी संघ उपांत्य फेरीत पोचला आणि बंगळुरूत सुनील छेत्रीने हॅटट्रिक करून आपल्याला घरी पाठवलं. 2019 मध्ये क्लबच विसर्जित झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीला गेली. पुण्याचे प्रशिक्षक फिल ब्राउनही तिकडेच.

आता पुढची गोष्ट ऐका, कारण तुमच्या मुद्द्याचं उत्तर तिच्यात आहे. हैदराबादने 2021-22 चं विजेतेपद मिळवलं. केरला ब्लास्टर्सला फायनलमध्ये पेनल्टींवर हरवून. खेळ उत्तम, चषक कपाटात. तरी 2025 मध्ये तो संघ नव्या मालकांनी दिल्लीला हलवला आणि त्याचं नाव झालं स्पोर्टिंग क्लब दिल्ली. आणि दिल्लीत संघाची जागा रिकामी का होती? कारण 2019 मध्येच दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला होता. जिंकलं तरी गाव सुटतं, हरलं तरी सुटतं. बदली झालेल्या सरकारी नोकरासारखं. यात पुणेकरांचा, हैदराबादकरांचा, दिल्लीकरांचा आळस नेमका कुठे येतो?

मालकाने तोटा सोसावा असं माझं म्हणणं नाही. त्याचा पैसा, त्याची मर्जी. पण मग संघ 'पुण्याचा' आहे असं आपल्याला विकू नये. मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2005-06 मध्ये राष्ट्रीय विजेता होता आणि 2010 मध्ये कंपनीने तो बंद केला. मुंबई एफसीने खालिद जमीलला बरीच वर्षं प्रशिक्षक ठेवून 2016 मध्ये निरोप दिला. पुढच्या मोसमात त्याने मिझोरमच्या ऐझॉलला देशाचं विजेतेपद मिळवून दिलं, त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन खाली गेला आणि मग बंद पडला. (तोच खालिद 2025 मध्ये भारताचा प्रशिक्षक झाला. कूपरेजच्या गॅलरीत त्याच्या नावाने बोटं मोडणारे आता काय म्हणत असतील कोण जाणे.)

प्रेक्षक येत नाहीत म्हणता ना, मग एकदा कोल्हापूरला जा. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम मंडळ आणि दिलबहार यांचा सामना असू दे. उन्हात, पायऱ्यांवर, तिकीट काढून लोक बसलेले असतात. आजूबाजूच्या इमारतींच्या गच्च्यांवर माणसं. दुपारपासून पेठांतून गाड्या निघतात, झेंडे लावून, हॉर्न दाबून धरून. गोल झाला की पलीकडची गॅलरी एकदम गप्प होते आणि अलीकडची तिला नावानिशी डिवचते. खंडोबा, शिवाजी, बालगोपाल, प्रॅक्टिस, प्रत्येकाच्या मागे एक पेठ किंवा गल्ली आहे. नायजेरियाचा खेळाडू मोसमापुरता येतो आणि महिनाभरात गल्लीतली पोरं त्याला घरच्यासारखी हाक मारतात. यातल्या कुठल्याही संघाला मालक नाही. तालमीला सभासद आहेत. तालीम कुणी उचलून हैदराबादला नेऊ शकत नाही, कारण ती तिथल्या माणसांखेरीज दुसरी कशाची बनलेलीच नाही.

तुम्ही म्हणाल, पण ते व्यावसायिक नाहीत, राष्ट्रीय लीगमध्ये दिसत नाहीत. बरोबर. तिथे मारामाऱ्या होतात, सामने थांबतात, स्पर्धा अर्ध्यावर सोडाव्या लागतात, हेही बरोबर. अनिकेत जाधवसारखा पोरगा 2017 चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळतो तो कोल्हापूर सोडून बाहेर पडल्यावरच. त्या व्यवस्थेची आरती मी ओवाळत नाही. पण 'आपल्या लोकांना फुटबॉल नको' हे वाक्य कोल्हापूरच्या सव्वादोनशे किलोमीटर उत्तरेला बसून बोलायला जरा धाडस लागतं.

हॉकीबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्याचा मात्र मला राग आला. महाराष्ट्रात खेळाडू नाहीत? पिंपरीहून नदी ओलांडली की खडकी. धनराज पिल्ले तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढला. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक. 1998 च्या बँकॉक एशियाडमध्ये सुवर्ण मिळालं तेव्हा कर्णधार तोच. भारताकडून खेळलेला विक्रम पिल्ले त्याच खडकीचा. मुंबईचा वीरेन रस्किना अथेन्स ऑलिंपिकला होता. युवराज वाल्मीकीने 2011 मध्ये पाकिस्तानविरुद्ध आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलमध्ये निर्णायक पेनल्टी मारली, त्याचा भाऊ देविंदर रिओ ऑलिंपिकला गेला. टोकियो आणि पॅरिसच्या पदकविजेत्या पुरुष संघांत आपला एकही नव्हता, हे खरं. पण मला तर ते मुलांना वर चढायला शिडी नसल्याचं लक्षण वाटतं.

शिडी का नाही, तर मुंबईच्या हॉकी संघाचीच कहाणी बघा. 2005 च्या प्रीमियर हॉकी लीगमध्ये मराठा वॉरियर्स, धनराज त्यात. त्या पहिल्या वर्षीचे सगळे सामने हैदराबादला, म्हणजे मराठ्यांना स्वतःचं मैदानच नाही. 2012 च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत मुंबई मरीन्स. 2013 ला हॉकी इंडिया लीग आली तेव्हा मुंबई मॅजिशियन्स. 2015 पासून दबंग मुंबई, जी 2017 च्या फायनलमध्ये ओडिशाच्या कलिंगा लान्सर्सकडून हरली. बारा वर्षांत एका शहराची चार नावं. कुठल्या नावाची जर्सी पोरानं हट्ट करून मागायची? 2024 च्या डिसेंबरात लीग पुन्हा सुरू झाली, पुरुषांचे 8 संघ होते. महाराष्ट्राचा एकही नाही. कलिंगा लान्सर्स मात्र त्याच नावाने हजर. कारण ओडिशा सरकारने 2018 पासून राष्ट्रीय संघांचं प्रायोजकत्व घेतलं, भुवनेश्वरचं मैदान सांभाळलं, राउरकेलाला नवं बांधलं. सुंदरगडच्या मुलाला घराजवळ हॉकी दिसते. खडकीच्या मुलाला मोबाइलवर दिसते.

आणि त्याच वर्ल्ड सिरीज हॉकीतले पुणे स्ट्रायकर्स तुमच्याच नेहरूनगरला, ध्यानचंद स्टेडियमवर खेळत होते हो! सामन्याआधी टर्फवर पाण्याचे फवारे, दिव्यांखाली ते निळं-हिरवं चमकायचं. पेनल्टी कॉर्नर मिळाला की गोलपोस्टमागे बचावपटू घाईघाईने मुखवटे चढवायचे आणि क्षणभर सगळं स्टेडियम दबायचं. मग चेंडू गोलच्या फळीवर आदळल्याचा तो ठाक आवाज, आणि आरडाओरडा त्याच्यानंतर. टीव्हीवर हा आवाज कधीच असा येत नाही. स्ट्रायकर्स फायनलला गेले, 2 एप्रिल 2012, मुंबईच्या महिंद्रा स्टेडियमवर शेर-ए-पंजाबकडून 5-2 ने हरले. आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता नसलेली ती लीग, तिचा दुसरा मोसम झालाच नाही. उपविजेता संघ हवेत विरला. त्या मार्चमध्ये तुम्ही नेहरूनगरला आला होतात का, एवढं मात्र सांगा. आला असाल तर आपण एकाच गॅलरीत घसा फोडत होतो, आणि नसाल तर रिकाम्या खुर्च्यांमधली एक तुमची होती.

राहता राहिलं मुंबई सिटी. हो, वाजवतो टाळ्या. 2020-21 ला प्रशिक्षक लोबेराच्या संघाने साखळीत पहिलं येण्याची शील्ड आणि फायनलचा चषक दोन्ही घेतले तेव्हा वाजवल्या. एप्रिल 2022 मध्ये इराकच्या हवाई दलाच्या क्लबला 2-1 हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला, तेव्हा तर उभं राहून. सप्टेंबर 2023 मध्ये याच स्पर्धेत इराणच्या नासाजीविरुद्धचा त्यांचा 'घरचा' सामना आपल्या बालेवाडीत झाला. 0-2 हरले. पुण्याच्या मैदानावर आशियातल्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेचा सामना, आणि यजमान मुंबई. पुणेकराला याहून मोठा टोमणा मारता येणार नाही, तुमचा तर त्यापुढे अगदीच फिका.

त्यांच्यावर तरी माझा भरवसा आहे असं समजू नका. मँचेस्टर सिटीवाल्यांच्या समूहाने 2019 मध्ये त्या क्लबचा मोठा हिस्सा घेतला, तेव्हा आता हे कायमचे राहणार असं सगळे म्हणत होते. 2025 अखेर तेही हिस्सा सोडून निघाले. म्हणून मी मुंबई सिटीची जर्सी विकत घेतलेली नाही. पुण्याची घेतली होती, ती धुऊन धुऊन विटली, आणि त्या क्लबकडून दुसरी मिळणार नाही. पुण्याचा नवा संघ आलाच तर पहिल्या सामन्याला मी असेन आणि मुंबईला शिव्या घालण्यात सगळ्यांच्या पुढे असेन. पण तिकीट काढण्याआधी मालकाला विचारीन की क्लबच्या कारभारात प्रेक्षकांचा एखादा तरी माणूस बसणार आहे का, आणि शहर सोडताना तुम्हाला कुणाची परवानगी लागते. तुम्हीही विचारा. तुमचा प्रश्न ते कदाचित जास्त मनावर घेतील, तुम्ही त्यांच्या बाजूने बोलताय ना.