निकाल विरोधात द्या, पण द्या एकदाचा

निकाल लांबच राहिला, सुनावणीही लांबच. संघाशी झालेल्या आमच्या कराराच्या वादात लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर वाद ऐकून निकाल देणारा तटस्थ माणूस, म्हणून कोण बसणार, एवढंच ठरायचं अडून राहिलंय आणि तेवढ्यात माझ्या भावाचा अख्खा सीझन गेला. पुढचाही जाईल अशीच चिन्हं आहेत. संताप संताप होतोय नुसता.

माझा धाकटा भाऊ हॉकीचा गोलकीपर. आम्ही खडकीचे. इथे घरात हॉकी स्टिक असणं यात काही विशेष नाही. धनराज पिल्ले याच खडकीतून जाऊन चार ऑलिम्पिक खेळले, हे आमच्या गल्लीतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ असायचं. भाऊ नेहरूनगरच्या पॉलिग्रासवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, घासून घासून वर आला. एका खाजगी संघाने त्याच्याशी दोन सीझनचा करार केला, तेव्हा आईने अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले.

पहिल्याच सीझनच्या मध्यावर सरावात गुडघा दुखावला. संघाच्याच डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. त्यानंतर थेट पत्र: दुखापत जुनी आहे, तुम्ही ती लपवलीत, करार रद्द, उरलेले ७ लाख मिळणार नाहीत. जुनी? अहो, सहीच्या आधी तुम्हीच त्याचा एमआरआय काढून घेतलात, तुम्हीच सांगितलेल्या सेंटरमध्ये! त्या रिपोर्टावर 'गुडघा नॉर्मल' असं लिहून खाली तुमच्याच फिजिओने सही केली आहे. त्याची झेरॉक्स माझ्या पर्समध्ये असते, कुणीही बघायला मागावी.

बरं, वाद झाला. होतात वाद. तो सोडवायचा कसा, तेही करारात लिहिलंय. कलम १९: एकच लवाद, जागा मुंबई, आणि तो लवाद नेमणार संघाचे संचालक. ज्यांच्याविरुद्ध मॅच, त्यांनीच अंपायर घरून आणायचा! २०१५ च्या दुरुस्तीपासून लवाद कायदा सांगतो की पक्षकाराचा नोकर किंवा सल्लागार लवाद होऊ शकत नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्या पुढे जाऊन सांगितलं की निकालात ज्याचा स्वार्थ आहे, त्याने एकट्याने लवाद नेमायचाही नाही. संघाच्या वकिलांना हे माहीत नसेल? चांगलं माहीत आहे. तरी प्रत्येक नव्या पोराच्या करारात तेच कलम छापतात. विशीतलं पोर कलम १९ वाचत बसत नाही, ते फक्त विचारतं, सही कुठे करू.

आमच्या वकील मॅडमनी रीतसर नोटीस पाठवली, स्पीड पोस्टाने. पाकीट परत आलं. पत्त्यावर निळ्या पेनाने आडवी रेघ, वर 'लेफ्ट' असा शेरा, कोपऱ्यात पोस्टाचा पुसट शिक्का. म्हणजे हे लोक तिथे राहत नाहीत! करार रद्द केल्याचं पत्र याच पत्त्याच्या लेटरहेडवर आलं होतं, आणि त्याच आठवड्यात त्याच ऑफिसातले नव्या जर्सीचे फोटो यांनी स्वतः इन्स्टाग्रामवर टाकले होते. दुसरं पाकीट 'अनक्लेम्ड' म्हणून परत. शेवटी ईमेल केला, त्याला उत्तर आलं की आम्ही लवाद नेमलाय. नाव कुणाचं? संघाला सल्ला देणाऱ्या त्यांच्याच वकिलाचं. एवढा निगरगट्टपणा मी आयुष्यात पाहिला नाही.

आम्ही हरकत घेतली. ३० दिवसांत एकमत झालं नाही की हायकोर्टाकडे लवाद मागता येतो, तसा त्याच कायद्याच्या कलम ११ खाली अर्ज केला. समोरच्याला नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत असा अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करावा, असं कायद्यात आहे. पण बंधन नाही, प्रयत्न करावा एवढंच. मग काय, एकदा त्यांच्या वकिलांना बरं नव्हतं. एकदा वकालतनामा दाखल व्हायचा होता. एकदा उत्तर द्यायला वेळ हवा होता, तो मिळाल्यावर पुन्हा थोडा हवा होता. आणि एकदा आमचा नंबर यायच्या आतच कोर्ट उठलं. दर वेळी मी रजा टाकून सव्वासातची डेक्कन क्वीन पकडायची, दिवसभर मागच्या बाकावर फाईल मांडीवर घेऊन बसायचं आणि रात्री घरात शिरताना भावाच्या तोंडाकडे बघायचं. पुण्यात हायकोर्टाचं खंडपीठ नाही. २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, त्यात पुणे जिल्हा नाही. तसंही आमच्या करारात मुंबई लिहिलंय म्हटल्यावर बोलणंच खुंटलं.

भाऊ घरी बसून काय करतो? जगभरातल्या खेळाडूंच्या करारांची भांडणं वाचत बसतो. त्यानेच मला कोवालचुकचं प्रकरण सांगितलं. ते आइस हॉकीतलं आहे, आपल्या हॉकीतलं नाही, पण ऐका. १९ जुलै २०१० ला न्यू जर्सी डेव्हिल्स या अमेरिकेतल्या संघाने इल्या कोवालचुक या खेळाडूशी १७ वर्षांचा, १० कोटी २० लाख डॉलरचा करार केला. त्यातले ९ कोटी ८५ लाख पहिल्या ११ वर्षांत, आणि शेवटच्या ६ वर्षांत मिळून फक्त ३५ लाख. करार संपेल तेव्हा खेळाडू ४४ वर्षांचा! संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते, वर्षाची सरासरी खाली आणून त्यातून पळवाट काढायला ही शेवटची वर्षं जोडली आहेत, असं म्हणत एनएचएल या तिथल्या लीगने करार फेटाळला. खेळाडूंची संघटना लवादाकडे गेली. रिचर्ड ब्लॉक या लवादाने सुनावणी घेतली आणि ९ ऑगस्टला निकाल दिला की लीगचं बरोबर, करार बाद. सही ते निकाल, तीन आठवडे.

निकाल खेळाडूच्या विरोधात गेला हो! पण लागला. सप्टेंबरमध्ये त्याने त्याच संघाशी १५ वर्षांचा, १० कोटी डॉलरचा दुसरा करार केला आणि ऑक्टोबरमध्ये तो बर्फावर होता. त्याच लीगमध्ये नुसत्या पगाराचा वाद असेल, तर सुनावणी संपल्यावर ४८ तासांत लवादाने आकडा सांगायचा असतो. ४८ तास! त्यांना कळतं की खेळाडूचं वय कोर्टाच्या तारखांसाठी थांबत नाही. लवाद ही गोष्ट आणलीच मुळी त्यासाठी ना? कोर्टात वर्षानुवर्षं जातात म्हणून लवाद. आणि इथे लवाद मिळवायलाच कोर्टात वर्षं घालवा.

पैशांचं एक वेळ सोडा. खरा गळफास आहे एनओसीचा, म्हणजे दुसरीकडे खेळायला लागणाऱ्या ना हरकत पत्राचा. वाद मिटेपर्यंत संघ एनओसी देत नाही, आणि ती नाही म्हणून दुसरा कुठलाही संघ त्याला उभं करत नाही. म्हणजे करार रद्द करणारे हेच, आणि तो आमचा खेळाडू आहे म्हणून अडवणारेही हेच. तुम्हाला तो नकोय ना? मग सोडा की त्याला! अंतरिम दिलासा मागा, असं जाणकार सांगतात. कलम ९ चा तो अर्जही केलाय, तो याच अर्जासोबत जोडलाय. हा पुढे ढकलला की तोही ढकलला जातो.

लवादाची फी? कायद्यातल्या नमुना तक्त्याप्रमाणे ७ लाखांच्या दाव्याला ५२ हजार, त्यावर एकच लवाद म्हणून २५ टक्के जादा, मिळून ६५ हजार होते, दोघांत निम्मी-निम्मी. आमचा वाटा मी बाजूला काढून ठेवलाय. भरायला तयार आहे, कुणाला भरू ते तरी सांगा. आणि उद्या लवाद नेमला, तरी दावा-जबाब पूर्ण व्हायला ६ महिने, तिथून पुढे निकालाला १२ महिने, दोघांची संमती असेल तर आणखी ६. त्यावर निकालाला कोर्टात आव्हान द्यायला संघ मोकळाच. भाऊ आज चोवीस वर्षांचा आहे. गोलकीपर संपतो तो गुडघ्याने नाही, मॅच न खेळल्याने. समोरून ड्रॅग फ्लिक, म्हणजे पेनल्टी कॉर्नरचा जोरदार फटका, येताना पाय आपोआप हलावा लागतो, तो जिन्याखालच्या भिंतीवर टेनिस बॉल मारून हलता राहत नाही. तरी रोज संध्याकाळी पॅड बांधून तो तेच करतो.

नातेवाईक म्हणतात, "होईल गं, कोर्टाचं काम असंच असतं." असंच असतं म्हणून गप्प बसायचं? संघाला घाई नाही, कारण प्रत्येक गेलेली तारीख त्यांच्या खात्यात जमा होते. ७ लाख त्यांच्याकडे, वय आमचं जातंय. माझं मागणं फार मोठं नाही. लीग सुरू होण्याआधीच तीन-चार तटस्थ लवादांची नावं ठरवून ठेवा, वाद आला की त्यातला एक बसवा, महिन्याभरात निकाल द्या, आणि तोवर एनओसी अडवू नका. त्या लवादाने भावाला चूक ठरवलं, तर मी मुकाट्याने ते ७ लाख विसरेन. पण सांगा तरी!

मागच्या आठवड्यात आमच्याच गल्लीतला एक मुलगा करार घेऊन आला, तोच संघ. "ताई, जरा वाचून देता का?" कलम १९ जसंच्या तसं, लवाद नेमणार संघाचे संचालक. मी त्याला म्हटलं, हे खोडायला लाव, मगच सही कर. त्याने बिचाऱ्याने फोन केला. तिकडून उत्तर मिळालं, काही बदलणार नाही, उद्या दुपारपर्यंत सही करा, नाहीतर दुसरा मुलगा तयार आहे. त्याने सही केली.