उंची एवढंच कारण नाही

डोंगरावरून हॅम रेडिओ, म्हणजे हौशी मंडळींचा बिनतारी संपर्क, करण्याबद्दलचा लेख वाचला. डोंगरावरून दूरचं हॅम स्टेशन मिळतं ते उंचीमुळे लहरी थेट पोचतात म्हणून, असं त्यात म्हटलंय. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरींना ते अगदी खरं. कळसूबाईच्या १६४६ मीटरवरून कोकणाच्या बाजूला रेडिओचं क्षितिज दीडशे किलोमीटरच्या पुढे जातं. पण १४ मेगाहर्ट्झवर युरोप किंवा जपान लागतो तो आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, लहर वळून परत येते म्हणून. तिथे माथ्याचा फायदा वेगळाच: समोर उतार असल्याने लहर आडव्या, कमी कोनात निघते आणि लांबची उडी मारते. शिवाय शांतता! शहरात एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांच्या खरखरीत जे संदेश पार बुडतात, ते वर स्वच्छ ऐकू येतात. म्हणून पाच वॅटचा सेटही पुरतो, मोर्सवर, म्हणजे टिंब-रेघांच्या सांकेतिक संदेशांवर, तर आरामात.

अँटेनाही साधीच. फायबरची मासेमारीची काठी उभी करायची, टोकापासून दोन्हीकडे साधारण पाच-पाच मीटर तार उतरती सोडायची, दोरीने दगडांना बांधायची. पायवाट मात्र सोडून. येणाऱ्याजाणाऱ्याच्या गळ्याशी तार नको.

नवीन मंडळींना कळकळीने सांगतो, वळवाच्या दिवसांत ढग दाटायच्या आत काठी उतरवा आणि खाली निघा. संपर्क अर्धवट राहिला तरी चालेल.