डावी बाजू उघडी

गुरुवारी दुपारी मी सलूनमधून बाहेर पडलो तेव्हा माझ्या डोक्याच्या उजव्या बाजूला तीन नंबर होता आणि डाव्या बाजूला एक नंबर. म्हणजे इकडे साधारण दहा मिलिमीटर केस, तिकडे तीन. मधल्या सात मिलिमीटरची जबाबदारी शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल संघावर आहे, असं माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

तारीख 24 एप्रिल 2025. रात्री ग्रीन बेमध्ये एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट सुरू होणार होता. बेअर्सचा नंबर दहावा. अशा दिवशी शिकागोच्या उपनगरात केस कापायला जाऊ नये, ही अक्कल मला इतकी वर्षं इथं राहून यायला हवी होती.

ज्यांना फक्त आयपीएल ठाऊक आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आयपीएलच्या लिलावात पैसा बोलतो: ज्याच्या थैलीत जास्त, त्याचा पंत 27 कोटींना. ड्राफ्टमध्ये संघ कॉलेजातली नवी पोरं निवडतात, पण बोली नसते, रांग असते, आणि रांगेत गेल्या वर्षी सगळ्यात वाईट खेळलेला संघ पहिला उभा. नापास झालेल्याला पुढचा बाक. 32 संघ, सात फेऱ्या, तीन दिवस. 2025मध्ये पहिल्या फेरीत प्रत्येक निवडीला दहा मिनिटं होती, दुसरीत सात, शेवटच्या फेरीत चार. रांगेतली जागा विकता येते, आणि सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात.

तर मी खुर्चीत, गळ्याभोवती काळं कापड, मशीन उजव्या कानाच्या वर. बाकावर एक म्हातारबुवा बसले होते. अंगात बेअर्सच्या जुन्या हिरोच्या, वॉल्टर पेटनच्या, 34 नंबरचा जर्सी, डोक्यावर टोपी. टोपी काढून त्यांनी डोकं पुसलं तेव्हा दिसलं, की डोक्यावर एकही केस नाही. सलूनमध्ये गुळगुळीत टक्कल घेऊन तासन्‌तास बसणारा माणूस कशाला आला असेल? भांडायला. दुसरं काय.

"जेंटी," न्हावी म्हणाला. "दहापर्यंत उरला तर डोळे झाकून जेंटी घ्यायचा."

ॲश्टन जेंटी म्हणजे बॉइसी स्टेट विद्यापीठाचा रनिंग बॅक, चेंडू घेऊन धावणारा. गेल्या मोसमात 2,601 यार्ड धावला. बॅरी सँडर्सच्या 2,628 च्या विक्रमाला अवघे 27 यार्ड कमी.

"आणि धावणार कुणाच्या मागून?" म्हातारबुवा म्हणाले. "केलेबला गेल्या वर्षी किती वेळा पाडला? अडुसष्ट. अडुसष्ट वेळा! टॅकल घे, टॅकल."

केलेब म्हणजे आमचा क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा. त्याला वाचवायला पुढे उभी असते ती लाइन, आणि टॅकल हा तिच्या टोकाचा गडी.

"रनिंग बॅक बार्कलीनं ईगल्सला काय दिलं बघ. दोन हजार पाच यार्ड. वर सुपर बोलचा किताब."

"ते यार्ड ईगल्सच्या लाइनचे. तेच पाय जायंट्सकडे होते तेव्हा सगळ्यात चांगल्या वर्षी किती? तेराशे बारा."

हा मुद्दा बिनतोड होता. मी मान डोलवली. मशीन चालू असताना मान डोलवू नये.

इथं माझंही एक मत होतं. अडुसष्ट वेळा पाडल्याचं, म्हणजे सॅकचं, सगळं पाप लाइनच्या माथी मारता येत नाही. केलेब विल्यम्स चेंडू हातात धरून फार वेळ बसतो. असल्या क्वार्टरबॅकसमोर चीनची भिंत बांधली तरी तीही कधीतरी ढासळणार. शिवाय मार्चमध्ये संघानं थुनी, जॅक्सन आणि डॉलमन आणून लाइनचा मधला भाग नव्यानं बांधला होता. राहिला डावा टॅकल. उजव्या हाताचा क्वार्टरबॅक फेकायला वळला की त्याची पाठ डावीकडे होते. तिथून कोण येतंय ते त्याला दिसत नाही. तिथल्या ब्रॅक्स्टन जोन्सचा घोटा डिसेंबरात मोडला होता. म्हणून दहावा नंबर विकून खाली सरकायचं, जास्तीच्या निवडी घ्यायच्या आणि दुसऱ्या फेरीत टॅकल उचलायचा, असं मी बोलायला तोंड उघडलं.

"तुमच्याकडे क्रिकेट ना?" म्हातारबुवा म्हणाले.

झालं. रविवारामागून रविवार या संघापायी जीव जाळलेला माणूस, आणि एका वाक्यात त्याला पाच दिवसांच्या कसोटीला पाठवून दिलं! मी 'हो' म्हणालो. 'हो' म्हणायला नको होतं, हे मला घरी आल्यावर सुचलं. योग्य उत्तरं नेहमी घरीच सुचतात.

मग म्हातारबुवांनी पाकिटातून एक लॅमिनेट केलेला कागद काढला. देवाचा फोटो असावा तसा. तो जिमी जॉन्सनचा तक्ता होता. नव्वदीच्या सुरुवातीला तो डॅलस संघाचा कोच असताना तिथं बनवलेला: प्रत्येक निवडीला किती गुण. पहिलीला 3000, दुसरीला 2600, तिसरीला 2200, दहावीला 1300, बत्तिसावीला 590. सौदा करताना दोन्ही बाजूंची बेरीज जुळवायची. भाजीच्या तराजूसारखं.

"दोन हजार सतरा," ते म्हणाले. न्हाव्यानं मशीन बंद करून टेबलावर ठेवलं. शिकागोत हे साल निघालं की हातातलं काम खाली ठेवतात.

त्या वर्षी बेअर्स तिसऱ्या नंबरावर होते. एक पायरी वर चढायला त्यांनी सॅन फ्रॅन्सिस्कोला तिसरी, 67वी, 111वी आणि पुढच्या वर्षीची तिसऱ्या फेरीतली निवड दिली आणि क्वार्टरबॅक मिचेल ट्रुबिस्की घेतला. त्याच्याहून कितीतरी सरस ठरलेला पॅट्रिक महोम्स दहाव्या नंबरावर गेला. डिशॉन वॉटसन बाराव्या.

"आता हिशेब कर," म्हातारबुवांनी तक्ता माझ्या नाकासमोर धरला. "फरक चारशेचा. 67ला 255, 111ला 72. झाले 327. वर पुढच्या वर्षीची एक. भाव बरोबर होता!" मग आवाज खाली आणून, "माल चुकला."

हे मात्र खरं, आणि हसण्यासारखं अजिबात नाही. तक्ता जागेची किंमत सांगतो, माणसाची नाही. 2024पर्यंत एका मोसमात चार हजार यार्ड फेकणारा एकही क्वार्टरबॅक या संघाला लाभलेला नव्हता. बाकी प्रत्येक संघाला लाभला. तिकिटांचे भाव मात्र वर चढतात, त्यांना कुणी पाडत नाही.

पण खोट मुळातच असावी. पहिला ड्राफ्ट 1936 साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात झाला. पहिलं नाव जे बेरवँगर, आपल्याच शिकागो विद्यापीठाचा. ईगल्सनी त्याला निवडलं आणि त्याचे हक्क बेअर्सना दिले. पैशांवर जुळेना. बेरवँगर गेला फोम रबर विकायला. व्यावसायिक फुटबॉलचा एक सामनाही खेळला नाही. ड्राफ्टच्या इतिहासातला पहिला मोहरा गाद्यागिरद्यांच्या धंद्यात गेला, आणि आम्ही अजून पहिल्या नंबराच्या नावानं नारळ फोडतो.

"हात दाखव," म्हातारबुवा अचानक मला म्हणाले.

मी दाखवायच्या आतच त्यांनी काळ्या कापडाखाली हात घालून माझा पंजा धरला. आपल्याकडे बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात. क्षणभर वाटलं, आपला सौदा झाला. पण त्यांनी पंजा बाहेर ओढला, न्हाव्याचा कंगवा घेतला आणि माझी बोटं ताणून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत लावला. इंडियानापोलिसला कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणीत, पंजा असाच मोजतात, इंचाच्या आठव्या भागापर्यंत. फक्त तिथं कंगवा नसतो.

"कंगवा सात इंची. त्यावर अर्धा." त्यांनी न्हाव्याकडे बघितलं. "साडेसात."

"क्वार्टरबॅक पिकेटचा साडेआठ होता," न्हावी म्हणाला.

"जो बरोचा नऊ."

"डिसेंबरात, सोल्जर फील्डवर, तळ्यावरून वारा सुटला की..."

"सुटणार. चेंडू सुटणारच याच्या हातून."

मी पन्नाशीला आलेला माणूस. डाळ-तांदळाची पिशवी आजवर कधी हातून सुटलेली नाही. कुणी विचारलं होतं का यांना? मग हात मोजला, खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटापर्यंत. टॅकल विल कॅम्पबेलचा हात कंबाइनमध्ये 32 पूर्णांक पाच अष्टमांश इंच भरला म्हणून लोकांनी आठवडेच्या आठवडे सुतक पाळलं होतं. टॅकलचा हात आखूड असला की समोरचा आधी छातीला हात लावतो आणि मग पायांनी कितीही नाचा. कॉलेजात पुन्हा मोजला तर तोच हात 33 झाला. महिन्याभरात हाड वाढलं नसेल, फीत धरणारा बदलला असेल. धावण्याचंही तेच: कॉलेजात बोटानं घड्याळ दाबतात, दाबणाऱ्याचं बोट सुरुवातीला किंचित मागे राहतं आणि पोरगं आपोआप वेगवान ठरतं. माझा हात मोजायला कंगवा तीनदा सरकवला. निकाल मला सांगितला नाही. दोघांनी फक्त माना हलवल्या.

त्यानंतर न्हाव्यानं पुन्हा मशीन उचललं. टेबलावर मशिनी दोन होत्या. उचललेली दुसरी होती.

गाडीच्या आरशात बघेपर्यंत दुकानाला कुलूप. ड्राफ्टसाठी लवकर बंद. शुक्रवारी ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये मी दिवसभर उजवा गाल दाखवत बसलो, जुन्या नाटकातल्या नटासारखा.

रात्री काय झालं? कॅम्पबेल चौथा गेला, जेंटी सहावा, टॅकल मेम्बू सातवा, बँक्स नववा. दहाव्यावर बेअर्सनी घेतला कोलस्टन लव्हलँड. टाइट एंड, म्हणजे अडवणारा आणि झेलही घेणारा. घरात कोल कमेट हा टाइट एंड असताना. शुक्रवारी 41वी निवड विकून संघ खाली सरकला आणि 56व्यावर टॅकल घेतला, ऑझी ट्रापिलो. मी जे बोलायला तोंड उघडलं होतं, साधारण तेच. पण माझा पंजा साडेसात.

शनिवारी डोकं नीट करून घ्यायला गेलो. म्हातारबुवा बाकावर होतेच.

"टॅकल घेतला शेवटी. मी म्हटलंच होतं," ते म्हणाले.

"चेंडू हाताळणारा घेतला. मी म्हटलंच होतं," न्हावी म्हणाला.

उजव्या बाजूलाही एक नंबर लावण्यावाचून इलाज नव्हता. मशीन सुरू झालं, कानापर्यंत आलं.

"पण टाइट एंडच हवा तर वॉरन का नाही घेतला?" म्हातारबुवा म्हणाले. "पेन स्टेटचा. मॅकी पुरस्कार मिळालेला. एकशेचार झेल! चौदाव्यापर्यंत पडून होता!"

न्हाव्यानं मशीन खाली ठेवलं. मी कापडाखालून हात काढला आणि दुसरं मशीन उचलून मांडीवर घेऊन बसलो.