महागडा पीसी नाही म्हणून सिम सोडू नकोस रे

परवा एका ग्रुपवर जळगावच्या अकरावीतल्या एका पोराने विचारलं, "दादा, भावाचा जुना लॅपटॉप आहे, त्यावर फ्लाइट सिम जमेल का?" फ्लाइट सिम म्हणजे कॉम्प्युटरवर खऱ्यासारखं विमान उडवणं. खाली धडाधड कमेंट पडल्या. ग्राफिक्स कार्ड कुठलंय, रॅम किमान ३२ पाहिजे, योक (विमानाचं स्टिअरिंग) घे, पायाने चालवायचं रडर पेडल घे, एकाने तर दीड लाखाचं बजेटच मांडून दिलं. पोरगा शेवटी "ठीके, नोकरी लागल्यावर बघतो" लिहून निघून गेला. ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे लिहितोय.

मी आठेक वर्षं सिम करतोय. डोंबिवलीतला वन बीएचके, योक जेवणाच्या टेबलाला क्लॅम्पने आवळलेला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आई मटार सोलत बसलेली. माझं स्पष्ट मत आहे की या छंदाचा जीव माणसांत आहे, ग्राफिक्स हा वरचा साज. साज मलाही आवडतो, सह्याद्रीवर पावसाळी ढग अडकलेले दिसले की मी आईला हाक मारून दाखवतो, पण त्यासाठी कुणाला दारातून परत पाठवणं चूक आहे.

जरा मागे जाऊन बघा. ब्रूस आर्टविकने ॲपल टू या जुन्या कॉम्प्युटरवर आपला पहिला सिम्युलेटर केला तेव्हा डोंगर म्हणजे नुसत्या रेषा होत्या. १९८२ ला मायक्रोसॉफ्टचा पहिला सिम आला आणि पुढे कित्येक वर्षं जगभरातल्या लोकांचं पहिलं टेकऑफ शिकागोच्या मेग्ज फील्डवरून झालं. मार्च २००३ मधे शिकागोच्या महापौरांनी रातोरात बुलडोझर घालून ती खरी धावपट्टी उखडून टाकली, मग सिममधूनही मेग्ज गेलं, तर लोकांनी ते स्वतः बनवून परत आणलं! २००९ ला मायक्रोसॉफ्टने सिम बनवणारा एसेस स्टुडिओच बंद केला. त्यांच्या २००६ च्या सिमला, एफएसएक्सला, तेव्हा वाली उरला नव्हता, तरी २०२० ला फ्रान्सच्या असोबोने केलेला नवा सिम येईपर्यंत लोक ते उडवत होते, कारण कुणी विमानं बनवत होतं, कुणी विमानतळ, कुणी रात्र रात्र जागून नवख्यांच्या शंकांना उत्तरं देत होतं. आज फ्लायबायवायर या गटाचं सिममधलं एअरबस ए३२० निओ विमान घ्या, स्वयंसेवकांनी बनवलेलं, पूर्ण फुकट. नोकऱ्या सांभाळून लोकांनी हायड्रॉलिकपासून फ्लाइट कॉम्प्युटरपर्यंत सिस्टिम लिहून काढल्यात. मला याचं फार अप्रूप आहे.

आणि व्हॅटसिम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, २००१ पासून चालणारं फुकट ऑनलाइन नेटवर्क आहे, त्यात तुम्ही विमान उडवता आणि समोर खरा माणूस कंट्रोलर म्हणून बसलेला असतो, अभ्यास करून, परीक्षा देऊन, एक पैसा न घेता. माझं तिथलं पहिलं उड्डाण गोवा ते मुंबई. दाबोळीला पार्किंगमधे उभा, हाताला घाम, क्लिअरन्स, म्हणजे कंट्रोलरची उड्डाणाची परवानगी, लिहायला विजेच्या बिलाची पाठकोरी बाजू घेतलेली. गोव्याला वेगळा कंट्रोलर नव्हता म्हणून मुंबई कंट्रोलवरचा एकच जण सगळं बघत होता. त्याने स्क्वॉक, म्हणजे रडारवर विमान ओळखायचा चार आकडी कोड, दिला २४७१, मी घाईघाईत परत म्हटलं २४८१. "निगेटिव्ह, स्क्वॉक टू फोर सेव्हन वन." आवाज अगदी शांत. मी परत म्हटलं, "रीडबॅक करेक्ट" (बरोबर परत म्हटलंस) ऐकलं आणि खुर्चीत सैल झालो. नंतर त्याचा प्रायव्हेट मेसेज आला की स्क्वॉकमधला प्रत्येक आकडा ० ते ७ मधलाच असतो, ८ कधीच येत नाही, म्हणजे ८ लिहिलास की समज काहीतरी चुकलं. इतकी वर्षं सिम करून मला हे माहीत नव्हतं.

मुंबईला त्या संध्याकाळी ०९ नंबरची धावपट्टी चालू होती, म्हणजे समुद्राकडून उतरायचं. त्याने विचारलं रनवे दिसतोय का, मी म्हटलं हो, समोरच आहे, थोडा डावीकडे. दोन सेकंद शांतता, मग "दॅट्स जुहू सर, लुक फर्दर अहेड."

उतरून इंजिन बंद केल्यावर डिस्कॉर्डवर बोललो तर पठ्ठ्या इंजिनिअरिंगचा पोरगा निघाला, दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं त्याचं. त्याने सांगितलं की २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ जेट विमान सांताक्रूझ, म्हणजे मुंबईचा मोठा विमानतळ, समजून खरोखर जुहूच्या छोट्या विमानतळावर उतरलं होतं, धावपट्टीवर मावलं नाही, पुढे गेलं, विमान भंगारात निघालं, सुदैवाने कुणी गेलं नाही. त्या रात्री मी नकाशा उघडून बसलो. जुहूची ०८, सांताक्रूझची ०९, दोन्हीची तोंडं जवळपास एकाच दिशेला, आणि समुद्राकडून येणाऱ्याला जुहू आधी दिसतं. आयुष्यभर वेस्टर्न लाइनने त्या दोघांच्या मधून गेलोय मी! पण ही गोष्ट मला कळली ती कंट्रोलर म्हणून बसलेल्या एका पोराच्या आवाजातून, आणि त्या आवाजाला कुठलं ग्राफिक्स कार्ड लागतं सांगा?

म्हणून जळगावच्या पोरा, हे तुझ्यासाठी. फ्लाइटगियर नावाचा सिम फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर सेटिंग कमी करून चालतं, विमान माउसनेही उडवता येतं. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिमचा डेमोही फुकट मिळतो, पंखाचे तुकडे पाडून प्रत्येकावरचं बळ वेगळं मोजतो तो, म्हणून विमान हातात जड लागतं, चालव एकदा. सेसना १७२ हे छोटं विमान घे आणि महिनाभर दुसऱ्या विमानाला हात लावू नकोस. आपल्या विमानतळांचे चार्ट एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या साइटवर एआयपी या सरकारी माहितीसंग्रहात फुकट आहेत, खरे पायलट वापरतात तेच, उघडून बस. व्हॅटसिमला १३ वर्षं पूर्ण लागतात, सुरुवातीला एक छोटी परीक्षा असते, ती दे. पहिले काही दिवस नुसतं ऐक.

ग्रुपवरच्या मोठ्या लोकांनाही हात जोडून सांगतो, कुणी नवीन विचारलं की पहिला प्रश्न "कार्ड कुठलं" नको, "कुठून कुठे उडायचंय" हा विचारा. सांताक्रूझ-दिल्ली करणारे शंभर मिळतील, पण कोल्हापूर, नांदेड, रत्नागिरी नीट बनवणारा मला हवाय, आणि तो कदाचित अशाच कुठल्या जुन्या लॅपटॉपवर बसलेला असेल, त्या गावचा असल्यामुळे टर्मिनलच्या बाहेरचं झाड कुठे आहे हेसुद्धा त्याला ठाऊक असेल.

शुक्रवारी रात्री ९ ला मी जुहूवर सेसना घेऊन उभा असेन, किनाऱ्याने अलिबागपर्यंत जाऊन परत. रेडिओवर काय बोलायचं ते मराठीत लिहून आधी इनबॉक्समधे पाठवतो. ज्या कुणाला त्या पोराचं प्रोफाइल सापडेल त्याने त्याला इथे टॅग करा.