वर्ग खाली आणा की

परवा साताऱ्याहून मावसबहिणीचा फोन आला, रडतच होती. तिची लेक आठवी पास झाली, सेरेब्रल पाल्सी आहे, वॉकर घेऊन चालते, पण डोकं तल्लख, मोठ्या भावाला गणितं घालते. आणि आता शाळेचा निरोप, नववी-दहावीचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर असतात, जिन्यात पडली तर जबाबदारी कोण घेणार, विशेष शाळा बघा नाहीतर सरळ 17 नंबरचा फॉर्म भरून घरून दहावी द्या.

फॅमिली ग्रुपवर लगेच सुरू. काका म्हणाले, हे सगळं परदेशात ठीक आहे गं, आपल्याकडे वर्गात सत्तर पोरं, सर कुणाकुणाकडे बघणार? आणि मग सगळे माझ्याकडे वळले, कारण मी इंग्लंडात माध्यमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे, अशाच मुलांसोबत दिवस जातो.

तर इथलं सांगते. कागद भक्कम आहे. 2014 च्या कायद्याने अशा मुलाला शाळेत काय काय मदत लागेल याचा प्लॅन बनतो, त्यात लिहिलेली मदत देणं कौन्सिलवर, म्हणजे इथल्या नगरपालिकेवर, बंधनकारक. तो 20 आठवड्यांत मिळायला हवा, पण कित्येकांना मिळत नाही, मग आईबाप ट्रिब्युनलला, म्हणजे दाद मागायच्या खास न्यायाधिकरणाकडे, जातात, बहुतेक जिंकतातही, पण तोवर पोराचं वर्ष गेलेलं असतं. (ज्यांच्या 1978 च्या अहवालातून इथे हे सगळं सुरू झालं त्या मेरी वॉर्नॉक बाईंनीच 2005 मध्ये अशा मुलांना सरसकट सगळ्यांसोबत एकत्र शिकवण्यावर शंका घेतली, हे ग्रुपवर टाकलं नाही, काकांच्या हातात आयतं कोलीत.)

शाळेत मी ज्या मुलासोबत असते तो व्हीलचेअरवर आहे. इथे दर तासाला पोरं वर्ग बदलतात, म्हणून गर्दी टाळायला आम्ही दोघं प्रत्येक तासाला पाच मिनिटं आधी निघतो, म्हणजे नेमका होमवर्क सांगतात तेव्हा आम्ही लिफ्टपाशी. लिफ्ट बंद पडली की लायब्ररीत बसून वर्कशीट. आणि शेजारी सतत मी! आता मला सांगा, पन्नाशीची बाई मांडीला मांडी लावून बसलेली असताना चौदा वर्षांचा पोरगा मित्राशी काय डोंबल बोलणार?

आपल्याकडे बघा, पोरं जागेवर आणि सर फिरतात. म्हणजे इथे जो घोळ रोज पाच वेळा होतो तो तिथे मुळात नाहीच, फक्त एक तुकडी खाली आणायची, फळा आहे, बाकं आहेत, सरांना एक जिना कमी. हे परदेशी फॅड कसं काय झालं बुवा?

शिक्षणहक्क कायदा वयाच्या चौदाव्या वर्षी आणि आठवीला संपतो, म्हणून नववीला शाळांना वाटतं आपण सुटलो. पण 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे ना, 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आणि ती निवड मुलाची, हेडमास्तरांची नाही. बोर्डसुद्धा लेखनिक देतं, जादा वेळ देतं. म्हणजे परीक्षेच्या हॉलपर्यंत सोय आहे, अडतं ते जिन्यात.

विशेष शाळा वाईट असं मी म्हणत नाही हं, कर्णबधिर मुलाला खुणांच्या भाषेत बोलणारे दहा मित्र तिथेच मिळत असतील तर तिथेच जावं त्याने. आणि काकांचा एक मुद्दा मान्य, सत्तर पोरांत सर खरंच पुरत नाहीत, विशेष शिक्षकांची पदं भरा म्हणून सुप्रीम कोर्टाला 2021 मध्ये सांगावं लागलं. पण या पोरीला विशेष शिक्षक नकोच आहे, तिला टॉयलेट हवंय. सकाळी सातपासून ती पाणी पीत नाही, कारण शाळेतलं भारतीय पद्धतीचं आहे आणि धरायला काही नाही. आठवीपर्यंत मैत्रिणी दोन्ही हात धरून उभ्या राहायच्या. माझ्या इथल्या मुलाला रेलिंग आहे, कमोड आहे, अलार्मची दोरी आहे, मैत्रीण एक नाही.

काल बहीण परत शाळेत जाऊन आली. तळमजल्यावर एक खोली आहे म्हणे, मोडकी बाकं आणि गॅदरिंगचा पडदा ठेवलेली. किल्ली शिपाईमामांकडे असते.