तो फ्लॅग पडायलाच हवा होता : सुपर बोल ५७वरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही मुद्देसूद लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा सारांश असा. १२ फेब्रुवारी २०२३, ॲरिझोनातलं ग्लेनडेल, सुपर बोल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगचा अंतिम सामना, कॅन्सस सिटी चीफ्स आणि फिलाडेल्फिया ईगल्स ३५-३५ अशा बरोबरीत, दोन मिनिटांपेक्षाही कमी वेळ उरलेला. अशा वेळी ईगल्सच्या कॉर्नरबॅकवर (पास पकडणाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या बचावपटूवर), जेम्स ब्रॅडबरीवर, डिफेन्सिव्ह होल्डिंगचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धरून अडवल्याचा, फ्लॅग (दंडाची खूण असलेलं फडकं) टाकून पंचांनी सामना चीफ्सच्या पदरात टाकला, असं तुमचं म्हणणं. बॉल चीफ्सच्या रिसीव्हरच्या (पास पकडणाऱ्या खेळाडूच्या), जूजू स्मिथ-शूस्टरच्या, आवाक्यात नव्हता, जर्सी जेमतेम क्षणभर धरली गेली, तोवर सामन्यात असा फ्लॅग पडलाच नव्हता, कुणी रिप्लेही पाहिला नाही, आणि शेवटी लीगला चीफ्सचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा खेळाडू) माहोम्सच जिंकायला हवा होता. इतके पाच मुद्दे. यातला एक मला खरोखर वजनदार वाटतो, त्यावर जास्त लिहिणार आहे. बाकीचे आधी घेतो.

बॉल आवाक्यात नव्हता हे खरं, पण त्याचा इथे संबंधच येत नाही. "पकडता न येण्याजोगा पास" ही सवलत नियमात फक्त पास इंटरफिअरन्सला (पास पकडताना अडथळा आणण्याच्या फाउलला) आहे. पासच्या बचावातले तीन फाउल प्रेक्षक नेहमी एकत्र करतात, म्हणून ते वेगळे करून सांगतो. पास इंटरफिअरन्स लागतो बॉल हवेत असताना. तिथे पास पकडण्याजोगा होता का हा प्रश्न येतो, आणि दंड म्हणजे फाउल जिथे झाला तिथे बॉल. इललीगल कॉन्टॅक्ट लागतो बॉल अजून क्वार्टरबॅकच्या हातात असताना, पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्का दिला तर. क्वार्टरबॅक पॉकेट (त्याच्याभोवतीचं सहकाऱ्यांचं संरक्षक कडं) सोडून पळाला की ही बंदी उठते. होल्डिंगला यातलं काहीच लागू नाही. पाच यार्डांच्या आत धक्का मारायला मुभा आहे, पण धरायला नाही. क्वार्टरबॅक पॉकेटबाहेर गेला तरी धरायला नाही. पास दुसऱ्याच रिसीव्हरकडे गेला, स्टँडमध्ये गेला, किंवा फेकलाच गेला नाही, तरीही धरलेली जर्सी ही धरलेली जर्सीच. फाउल बॉल सुटण्याआधीच पूर्ण झालेला असतो, त्यामुळे बॉल नंतर कुठे पडला हे पंच विचारातच घेत नाहीत.

आता "क्षणभर" धरण्याचं. थर्ड डाउन (दहा यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांतला तिसरा), आठ यार्ड अजून बाकी, बॉल ईगल्सच्या १५ यार्डांच्या रेषेवर, घड्याळात १:५४. स्मिथ-शूस्टर स्नॅपनंतर (बॉल खेळात आल्यावर) आत, मैदानाच्या मध्याकडे निघतो, ब्रॅडबरीला तिकडे ओढतो आणि पाय रोवून उलटा साइडलाइनकडे सुटतो. या रूटमध्ये (रिसीव्हरच्या धावण्याच्या ठरलेल्या मार्गात) वेगाला फारसा अर्थ नाही, सगळा फायदा त्या वळणात आहे. कॉर्नरबॅकचं वजन आतल्या पायावर गेलेलं असतं आणि रिसीव्हरला अर्ध्या-एका पावलाची मोकळी जागा मिळते. क्वार्टरबॅक बॉल त्या मोकळ्या जागेत टाकतो, रिसीव्हर तिथे पोहोचण्याच्या आधीच. ब्रॅडबरीचा उजवा हात नेमका त्या वळणावर जर्सीत अडकला. हीच ओढ सरळ धावताना झाली असती तर रिसीव्हरने ती झटकली असती आणि पंचांनीही बहुधा सोडून दिली असती. वळताना ती झाली की रूटच मोडतो. धरलं नसतं तर झेल झालाच असता असा माझा दावा नाही, तसा कुणालाच करता येणार नाही. पण क्षण किती लांबीचा होता हे मोजून होल्डिंग ठरत नाही. त्या ओढीने रिसीव्हरची हालचाल अडली का, यावर ठरतं.

रेफरी, म्हणजे मुख्य पंच, कार्ल चेफर्सने सामन्यानंतर पत्रकारांच्या प्रतिनिधीला नेमकं हेच सांगितलं : रिसीव्हर आत गेला, बाहेर सुटायला बघत होता, बचावपटूने उजव्या हाताने जर्सी धरून त्याला अडवलं. बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर अजून पाठीवर टेकलेला डावा हात आहे. फ्लॅग त्या हातासाठी नव्हता. आणि खुद्द ब्रॅडबरीनेही लॉकर रूममध्ये मान्य केलं की ते होल्डिंगच होतं, आपण जर्सी ओढली आणि पंच सोडून देतील अशी आशा होती. पराभवानंतर काही मिनिटांत एवढं सरळ बोलणाऱ्या खेळाडूबद्दल मला आदर आहे. त्याच्या वतीने आपण वेगळं काही सिद्ध करायला जाऊ नये.

तुमचा तिसरा मुद्दा मात्र खरा जड आहे : सामनाभर सोडलं, मग आत्ताच का? फॉक्स वाहिनीवर कॉमेंट्री करणारा ग्रेग ओल्सनही त्या क्षणी याच मताचा होता, आणि तो स्वतः टाइट एंड (पासही पकडणारा आक्रमक खेळाडू) म्हणून अशा हातांतूनच वर्षानुवर्षं धावलेला आहे.

आधी मैदानावर काय घडतं ते पाहू. सात पंच असतात. त्यातले साइडलाइनवरचे आणि मागचे मिळून पाच जण पासवर रिसीव्हर वाटून घेतात, आणि फॉर्मेशन बघून स्नॅपच्या आधीच कोण कुणाला बघणार हे ठरतं. पहिल्या एक-दोन सेकंदांत प्रत्येकाची नजर आपल्याच रिसीव्हरवर असते. रूट फुटले की ते माणूस सोडून जागा बघायला लागतात, आणि बॉल हवेत गेला की बॉल जिथे पडणार तिथे. म्हणजे एकाच तऱ्हेची ओढ स्नॅपनंतर सेकंदाच्या आत, मोकळ्या जागेत झाली तर ती सापडते. तीच गर्दीत, नजर बदलण्याच्या वेळी झाली तर निसटते. बाहेरून हे लहरीपणासारखं दिसतं. ब्रॅडबरीची ओढ पहिल्या प्रकारातली होती : सुरुवातीची, उघड्यावरची, थेट कुणाच्या तरी नजरेसमोरची.

दुसरं कारण लीगने स्वतः ओढवून घेतलेलं आहे. सुपर बोलसाठी मोसमभर एकत्र काम केलेली तुकडी पाठवत नाहीत. प्रत्येक जागेवरचा वर्षभरात चांगले गुण मिळवलेला पंच निवडतात आणि एक नवीच तुकडी बनवतात. माणसं एकाहून एक उत्तम, पण किती ओढ म्हणजे फ्लॅग याचं माप प्रत्येकाने आपापल्या तुकडीत बसवलेलं असतं, ते एका सामन्यापुरतं जुळवावं लागतं. अख्खी तुकडी पाठवावी असं मला मनापासून वाटतं. तुमच्या तक्रारीवर उपाय असेलच तर तो इथे आहे.

पण तुम्ही सुचवलेला उपाय, म्हणजे शेवटच्या दोन मिनिटांत शिट्टी गिळायची, हा करून बघितलेला आहे आणि त्याचं काय झालं हेही माहीत आहे. जानेवारी २००४मध्ये फॉक्सबरोला झालेला एएफसीचा (एनएफएलच्या दोन गटांपैकी एकाचा) अंतिम सामना घ्या. पेट्रियट्सच्या कॉर्नरबॅकांनी कोल्ट्सच्या रिसीव्हरांना दिवसभर हात लावले, पंचांनी "खेळू द्या" धोरण ठेवलं, त्यांच्या टाय लॉने तीन इंटरसेप्शन घेतले (प्रतिस्पर्ध्याचे पास मधेच पकडले), पेट्रियट्स २४-१४ जिंकले. त्यानंतर लीगला २००४च्या मोसमासाठी पाच यार्डांचा नियम काटेकोर लावण्याची खास ताकीद पंचांना द्यावी लागली. तो नियम १९७८पासून पुस्तकात होताच; लावला जात नव्हता. त्याच मोसमात कोल्ट्सच्या क्वार्टरबॅकने, पेटन मॅनिंगने, ४९ टचडाउन (बॉल मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, नेणं) पास टाकून डॅन मरीनोचा ४८चा विक्रम मोडला.

दुसरा सामना तर तुम्हाला आठवतच असेल. २० जानेवारी २०१९, न्यू ऑर्लिन्स, एनएफसीचा (दुसऱ्या गटाचा) अंतिम सामना, सेंट्स आणि रॅम्स २०-२०, थर्ड डाउन, दोन मिनिटांहून कमी वेळ. बॉल यायच्या कितीतरी आधी रॅम्सच्या निकेल रोबी-कोलमनने सेंट्सच्या टॉमीली लुइसला अंगावर जाऊन उडवलं. फ्लॅग नाही. सेंट्सना फील्ड गोलवर (तीन गुणांच्या किकवर) समाधान मानावं लागलं, रॅम्सने बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये ग्रेग झुअरलाइनच्या ५७ यार्डांच्या किकवर २६-२३ असा सामना नेला. लीगच्या पंचप्रमुखाने सेंट्सच्या प्रशिक्षकाकडे, शॉन पेटनकडे, चूक कबूल केली, आणि त्याच धडकेबद्दल, हेल्मेटवर हेल्मेट आपटल्याबद्दल, रोबी-कोलमनला २६,७३९ डॉलर दंडही झाला. मैदानावर मात्र काहीच नाही. अंतिम फेरीतला चुकीचा निर्णय म्हणायचा तर तो हा. पंचांनी गप्प राहून सामना ठरवला, आणि गप्प राहणं हासुद्धा निर्णयच असतो. ब्रॅडबरीला सोडलं असतं तर बरोबरीच्या सामन्यात, थर्ड डाउनला, गोललाइनजवळ केलेला फाउल माफ झाला असता. चीफ्सच्या बाजूने विचार करून बघा, तुम्हाला ते चाललं असतं का?

रिप्लेचं थोडक्यात. होल्डिंग आव्हान देण्याजोग्या निर्णयांत नव्हतंच, त्यामुळे "पाहिला नाही" असं म्हणता येत नाही. पाहण्याची सोयच नव्हती. न्यू ऑर्लिन्सनंतर मार्च २०१९मध्ये संघमालकांनी ३१-१ मतांनी पास इंटरफिअरन्स रिव्ह्यूखाली आणला, दिलेला आणि न दिलेला दोन्ही. एका मोसमात तो प्रयोग बारगळला. त्या नोव्हेंबरमध्ये बॉल्टिमोरला ह्यूस्टनच्या डीॲंद्रे हॉपकिन्सला मार्लन हम्फ्रीने घट्ट धरलं, ह्यूस्टनने आव्हान दिलं, निर्णय बदलला नाही, आणि मग प्रशिक्षकांचा त्यावरचा विश्वासच उडाला. २०२०ला तरतूद गेली. अडचण कॅमेऱ्याची नव्हती. रिप्लेत मैदानावरचा निर्णय फिरवायला स्पष्ट, निर्विवाद पुरावा लागतो. आपल्याकडे क्रिकेटमध्ये एलबीडब्ल्यूला अम्पायर्स कॉल असतो, तसा संशयाचा फायदा मूळ निर्णयाला मिळतो. "किती ओढ" या प्रश्नाला निर्विवाद उत्तर नसतं. शिवाय ब्रॅडबरीचा फ्लॅग रिव्ह्यूला गेला असता तरी टिकला असता, कारण उजव्या हातातली ताणलेली जर्सी दिसते.

फ्लॅगची किंमत मोठी होती, हे तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. तो नसता तर चीफ्सचा किकर हॅरिसन बटकर ३२-३३ यार्डांच्या किकला आला असता. आधी त्याची ४२ यार्डांची किक खांबाला लागली होती, तरी हे अंतर सोपं. ३८-३५ झालं असतं, पण ईगल्सच्या क्वार्टरबॅकच्या, जेलन हर्ट्सच्या, हातात दीड मिनिटाहून जास्त वेळ आणि एक टाइमआउट (घड्याळ थांबवण्याची मुभा) राहिला असता. प्रत्यक्षात त्याला आठ सेकंद मिळाले. मात्र यात फ्लॅगइतकाच वाटा चीफ्सच्या जेरिक मॅकिननचा आहे. पुढच्याच डाउनला त्याच्यासमोर एंड झोन मोकळा होता आणि तो गोललाइनच्या दोन यार्ड अलीकडे मुद्दाम घसरून बसला. ईगल्सचा शेवटचा टाइमआउट तिथे गेला, मग माहोम्सने दोनदा गुडघा टेकवून घड्याळ चालू दिलं आणि बटकरने २७ यार्डांवरून किक मारली. मॅकिननने टचडाउन घेतला असता तर ईगल्स सात गुणांनी मागे, पण बॉल आणि वेळ दोन्ही हातात.

पाच यार्डांच्या दंडाला आपोआप फर्स्ट डाउन (नव्याने चार प्रयत्न) कशाला, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. प्रश्न रास्त आहे. थर्ड अँड एट (तिसरा प्रयत्न, आठ यार्ड बाकी) असताना नुसते पाच यार्ड दिले असते तर थर्ड अँड थ्री झालं असतं. पण मग थर्ड अँड फिफ्टीनला प्रत्येक कॉर्नरबॅक डोळे मिटून जर्सी धरेल. पाच यार्ड देऊन पुन्हा थर्ड अँड टेन मिळवणं त्याला कधीही परवडेल. आपोआप फर्स्ट डाउन आहे म्हणून हात आवरतात.

राहिला लीगला चीफ्स हवे होते हा आरोप. याच सामन्यातले रिव्ह्यू बघा. मध्यंतराच्या जरा आधी डेव्होंटा स्मिथचा साइडलाइनवरचा लांब झेल रद्द झाला, तो ईगल्सच्या विरोधात गेला. पण तिसऱ्या क्वार्टरमध्ये, ईगल्स २४-२१ पुढे असताना, त्यांच्या माइल्स सँडर्सच्या हातून सुटलेला बॉल उचलून चीफ्सचा निक बोल्टन एंड झोनमध्ये गेला; मैदानावर टचडाउन दिला गेला आणि रिप्लेनंतर तो अपूर्ण पास ठरला. सँडर्सकडे बॉलवर ताबा ठेवून पुढची हालचाल करण्याइतका वेळ नव्हता, त्यामुळे फम्बलच (ताब्यात आलेला बॉल सुटणं) नाही. बरोबर निर्णय, आणि चीफ्सचे सात गुण पुसणारा. त्याच ड्राइव्हमध्ये (सलग आक्रमणात) ईगल्सच्या डॅलस गोडर्टचा साइडलाइनवरचा झेल रिव्ह्यूनंतर कायम राहिला आणि ड्राइव्ह फील्ड गोलपर्यंत पोहोचून २७-२१ झालं. एखाद्या संघाला जिंकवायला बसलेले लोक हे दोन्ही निर्णय असे देत नाहीत.

आणि चेफर्स. दोन वर्षांपूर्वी, ७ फेब्रुवारी २०२१ला, सुपर बोल ५५मध्ये रेफरी तोच होता. टँपा बेविरुद्ध चीफ्सवर पहिल्या हाफमध्येच आठ दंड लागले, ९५ यार्डांचे. सामना संपला तेव्हा अकरा दंड आणि १२० यार्ड, आणि चीफ्स ९-३१ हरले. तेव्हा चीफ्सचे चाहते तो टँपाचा माणूस आहे म्हणत होते. त्या सामन्यातले पहिल्या हाफचे होल्डिंग आणि इंटरफिअरन्सचे फ्लॅग ब्रॅडबरीच्या फ्लॅगशेजारी ठेवून बघा, कुठे माप बदललेलं दिसलं तर डाउन आणि वेळ देऊन इथेच लिहा. डेव्होंटा स्मिथच्या रद्द झालेल्या झेलावरही तुम्हाला काही म्हणायचं असेल तर वाचायला आवडेल. त्यात पाय, ताबा आणि रेषा या तिन्हींचा क्रम लावणं खरोखर कठीण होतं, आणि त्यावर मी स्वतंत्र लेख लिहितो आहे.