अश्रू मोजून वर्णभेद कळत नाही

इंग्रजी गाणी ऐकणाऱ्या आपल्या मंडळींत एक युक्तिवाद अधूनमधून फिरत असतो आणि दर वेळी त्याला ‘अगदी बरोबर!’ म्हणणारे भेटतात. व्यसनी कलावंतांच्या आठवणी काढताना अमेरिकी माध्यमं गोरा-काळा भेद करतात, ही ओरड खोटी आहे, असं त्याचं म्हणणं. पुरावे चार. कृष्णवर्णीय गायिका व्हिटनी ह्यूस्टननं आपली लक्तरं स्वतःच वेशीवर टांगली होती. ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउस गोरी होती, तरी तिला कुणी सोडलं नाही. प्रिन्स आणि मायकल जॅक्सन या कृष्णवर्णीय गायकांसाठी सगळं जग रडलं. आणि पूर्वी सगळ्यांशीच कठोरपणे वागायचे, आता समज वाढली, एवढंच.

ऐकायला ठीक वाटतं. पण यात नुसते अश्रू मोजले आहेत. माणूस गेल्यावर दोष कुणाच्या माथी मारला, ते कुणी बघितलेलंच नाही.

व्हिटनीचं बघू. ११ फेब्रुवारी २०१२ रोजी बेव्हर्ली हिल्समधल्या एका हॉटेलात, बाथटबमध्ये ती मृतावस्थेत सापडली. वय ४८. कारण निघालं ते पाण्यात बुडून मृत्यू. जोडीला हृदयविकार आणि कोकेन. २००२ मध्ये टीव्हीवर तिनं व्यसनाची कबुली दिली होती, हे खरंच आहे. पण फिलिप सीमोर हॉफमन या गोऱ्या अभिनेत्यानंही दिली होती की! २००६ मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात, बाविसाव्या वर्षी उपचार घेतले, त्याआधी हाताला लागेल ते घेत होतो, असं त्यानं सरळ सांगून टाकलं होतं. तिची कबुली म्हणजे तमाशा आणि याची म्हणजे प्रांजळपणा, हे कुणी ठरवलं?

व्हिटनी जाऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा लॉस एंजेलिसच्या केएफआय रेडिओवर दोन निवेदकांनी क्रॅकचा (कोकेनचा ओढून घ्यायचा स्वस्त प्रकार) उल्लेख करून तिला अशी शिवी हासडली, की स्टेशनला त्यांना निलंबित करावं लागलं. शवपेटीतल्या तिच्या चेहऱ्याचा फोटो एका टॅब्लॉइडनं पहिल्या पानावर छापला. न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिच्यासाठी राज्यातले ध्वज अर्ध्यावर उतरवले, तर नशा करणाऱ्या बाईला हा मान कशाला, म्हणून त्यांच्यावरच टीकेची झोड उठली. ख्रिस्ती मागे हटले नाहीत. व्यसन होतं म्हणून तिनं जे कमावलं ते पुसून जात नाही, असं त्यांचं उत्तर होतं.

दोन वर्षांनी, २ फेब्रुवारी २०१४ रोजी, हॉफमन न्यू यॉर्कच्या घरात गेला. वय ४६. शरीरात हेरॉइन, कोकेन आणि आणखी गोळ्या. दंडात सुई होती, घरात हेरॉइनच्या पुड्या सापडल्या, हे सगळं छापून आलं. कुणी झाकलं नाही. पण सूर निराळा होता. वीस-बावीस वर्षं नशेपासून लांब राहिलेला गुणी माणूस पुन्हा घसरला, हा आजार केवढा चिवट, असा. ब्रॉडवेवरच्या नाट्यगृहांनी त्याच्यासाठी एक मिनिट दिवे मंद केले. पोलिसांनी काही दिवसांतच चौघांना पकडलं. म्हणजे त्याच्या बाबतीत दोष आजाराचा, नाहीतर माल विकणाऱ्याचा. तिच्या बाबतीत तिचा, फार तर माजी नवऱ्याचा.

एमीबद्दल वाद घालणार नाही. तिच्या मरणाची तारीख ओळखा आणि आयपॉड जिंका, असली वेबसाइट निघाली होती, ती जिवंत असताना! पण ती लंडनची, टॅब्लॉइडं ब्रिटिश, आणि त्यातून सिद्ध होतं ते एवढंच, की व्यसनी बाईला पुरुषापेक्षा जास्त झोडपतात. व्हिटनी बाईही होती आणि कृष्णवर्णीयही.

प्रिन्सचा मुद्दा मात्र वजनदार आहे. २१ एप्रिल २०१६ रोजी तो गेला, फेंटानिल या अतिजहाल कृत्रिम वेदनाशामकानं. वेदनाशामक विकोडिनसारख्या दिसणाऱ्या बनावट गोळ्या त्याच्या घरात सापडल्या. लोकांनी मनापासून हळहळ व्यक्त केली आणि फारसं कुणी त्याला नशेबाज म्हटलं नाही. पण २०१६ उजाडेपर्यंत वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनानं गोरी गावं आणि उपनगरं पोखरली होती. तिथली मुलं मरायला लागली तेव्हा कुठे तुरुंगाऐवजी उपचारांची भाषा सुरू झाली. त्या तयार झालेल्या सहानुभूतीत प्रिन्सलाही जागा मिळाली. जॅक्सनच्या बाबतीत तर त्याला औषध देणाऱ्या डॉक्टरलाच शिक्षा झाली, २०११ मध्ये. तेव्हा हा नियम काही लोखंडी नाही, हे कबूल.

आता ‘काळ बदलला’ हा मुद्दा. माझ्या मते चारांतला हाच सगळ्यात पोकळ आहे, कारण तारखाच उलटी साक्ष देतात.

१९५९. कृष्णवर्णीय जॅझ गायिका बिली हॉलिडे न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन हॉस्पिटलमध्ये यकृत आणि हृदयाच्या दुखण्यानं मरणपंथाला लागलेली. १२ जूनला अंमली पदार्थ बाळगल्याबद्दल तिला खाटेवरच अटक झाली. खोलीच्या दारात पोलिस बसले. १७ जुलैला ती गेली, ४४ व्या वर्षी, आणि मृत्यूच्या बातम्यांत ही अटक होतीच. त्याआधी १९४७ मध्ये ती तुरुंगात गेली, तेव्हा न्यू यॉर्कमध्ये दारू मिळते अशा क्लबांत गाण्याचा परवानाही गेला होता. पुढच्याच वर्षी कार्नेगी हॉल तिच्यासाठी तुडुंब भरला, पण चौकातल्या क्लबात गायला मनाई!

दहा वर्षांनी गोरी हॉलिवूड अभिनेत्री जूडी गार्लंड लंडनमध्ये झोपेच्या गोळ्यांनी गेली. तिला आठवताना स्टुडिओवाल्यांनी कोवळ्या वयात गोळ्यांची सवय लावली, हे आवर्जून सांगतात. ते खरंही आहे. दोष स्टुडिओचा.

१९७७. गोरा रॉक गायक एल्व्हिस प्रेस्ली गेला. त्याच्या डॉक्टरनं त्या वर्षीच्या आठ महिन्यांत १०,००० हून जास्त डोस लिहून दिले होते. दोष डॉक्टरचा. हाच एल्व्हिस १९७० मध्ये व्हाइट हाउसात जाऊन अध्यक्ष निक्सनकडून अंमली पदार्थविरोधी खात्याचा बिल्ला घेऊन आला होता! १९९२ मध्ये टपाल खात्यानं त्याच्या तिकिटासाठी लोकांपुढे दोन चित्रं ठेवली, एक तरणाबांड गायकाचं आणि एक लास व्हेगासच्या शेवटच्या काळातलं. ११ लाखांहून जास्त मतं पडली, तरणा एल्व्हिस दणदणीत जिंकला. कुठला एल्व्हिस आठवायचा, ते लोकांनी चक्क मतदान करून ठरवलं. बिलीचंही तिकीट निघालं, १९९४ मध्ये, जाऊन ३५ वर्षं झाल्यावर.

आणि मग १९८६. समज वाढत गेली असेल, तर हे साल एल्व्हिसच्या पुढचं आहे. लेन बायस हा मेरीलँड विद्यापीठाचा २२ वर्षांचा कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू. १७ जूनला व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत बोस्टन सेल्टिक्स संघानं त्याला दुसऱ्या क्रमांकानं निवडलं, १९ जूनला तो कोकेननं गेला. क्रॅकनं मेला, असा बोभाटा झाला; पुढे साक्षींत आलं ते साध्या, भुकटीच्या कोकेनचं. या खेपेला डॉक्टर, स्टुडिओ, आजार यांपैकी कुणीही दोषी ठरलं नाही. चार महिन्यांत कायदा आला, २७ ऑक्टोबरला अध्यक्ष रेगन यांनी सही केली: ५ ग्रॅम क्रॅक विकताना सापडला तर किमान पाच वर्षं, आणि गोऱ्यांच्या पार्ट्यांत फिरणारं साधं कोकेन असेल तर तेवढ्याच शिक्षेला ५०० ग्रॅम लागायचे. क्रॅकसाठी तुरुंगात गेले ते बहुतेक कृष्णवर्णीय. १०० ला १ हे प्रमाण २०१० मध्ये बदललं. आता ते १८ ला १ आहे.